नळाची शेवटची वीत

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे कुटुंबीय यांच्यासमोर रुग्णालय प्रशासनाच्या वतीने झालेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या मेळाव्यात आम्ही आपल्यापुढे आकडे घेऊन उभे राहतो. खाटा किती वाढल्या, शस्त्रक्रिया किती झाल्या, गरजू रुग्णांना किती सवलत दिली, याचा हिशेब आपणांस देणे हे आमचे कर्तव्यच आहे. यंदाचे ते सर्व आकडे या अहवालाच्या पुढील पानांवर दिलेले आहेत. आज मात्र आम्ही ज्या विषयावर बोलणार आहोत, तो ताळेबंदाच्या कोणत्याही बाजूला दिसत नाही. तो विषय म्हणजे पिण्याचे पाणी, आणि ते पाणी आपल्या पेल्यापर्यंत ज्या नळीतून येते ती नळी.

गेल्या वर्षी आपल्या मूळ इमारतीतील प्रसूती कक्षाची डागडुजी काढली होती. कक्षाच्या टोकाशी, व्हरांड्यात एक जुना नळ होता. रुग्णांसोबत राहणाऱ्या नातेवाईक मंडळींची पाण्याची बाटली, तांब्या, थर्मास पुष्कळदा तेथेच भरला जाई. भिंत फोडल्यावर प्लंबरने आम्हांस बोलावून घेतले. भिंतीतील लोखंडी पाइप आणि पितळी नळ यांच्यामध्ये वीतभर लांबीचा, वाकवून बसवलेला एक करडा तुकडा होता. प्लंबरने खिशातून नाणे काढून त्यावर ओरखडा ओढला, तशी काळपट थराखालून चांदीसारखी चकाकी उमटली. "साहेब, हे लोखंड नाही. शिसं आहे," एवढेच तो म्हणाला.

आपल्या रुग्णालयातील पाण्याची तपासणी दर महिन्याला होते. त्यात जंतू आहेत का, क्लोरिन पुरेसे आहे का, हे पाहिले जाते आणि ते अहवाल आजवर समाधानकारक आले आहेत. परंतु धातूंची तपासणी आम्ही कधीही करून घेतली नव्हती. ती करावयास हवी, हेच आमच्या ध्यानात आले नव्हते. डागडुजी थांबवून त्या नळाचे दोन नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवले. एक नमुना रात्रभर नळ बंद ठेवून पहाटे घेतलेला, दुसरा त्याच नळातून पाच मिनिटे पाणी वाहू दिल्यानंतर घेतलेला. दुसरा नमुना भारतीय मानकाच्या मर्यादेत होता. पहिला नव्हता.

तो अहवाल वाचताना आम्हांस एका आजींची आठवण झाली. काही वर्षांपूर्वी लेकीच्या बाळंतपणासाठी त्या खेड्यातून आल्या होत्या. रोज पहाटे त्या हाच नळ सोडून ठेवत, बरेच पाणी वाहू देत आणि मगच तांब्या भरत. पाणीटंचाईचे दिवस होते. नळाशेजारी "पाणी जपून वापरा" अशी पाटी आम्हीच लावलेली होती. परिचारिकेने हटकले तेव्हा आजी म्हणाल्या, "अहो, रात्रभर नळीत बसलेलं शिळं पाणी ते. बाळंतिणीला कसं द्यायचं?" त्यांची तक्रार कार्यालयापर्यंत आली आणि आम्ही त्यांना समजावून सांगितले, की नळाचे पाणी शिळे होत नसते. आजींना शिसे ठाऊक नव्हते. शिळे पाणी टाकून ताजे भरावे, एवढाच त्यांच्या घरचा शिरस्ता होता. आमच्यापाशी तपासणीचे सर्व कागद होते, आणि तरीही त्या दिवशी त्यांचे बरोबर होते व आमचे चुकले होते.

याहून कठीण अशी एक गोष्ट आपणांस सांगावयाची आहे. जुन्या इमारतीतील नळजोडणी बदलण्याची तरतूद त्याआधीच्या तीन अंदाजपत्रकांत प्रस्तावित होती आणि तिन्ही वेळा ती पुढील वर्षावर ढकलली गेली. ढकलणारे आम्हीच होतो. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. खर्चाची छाटणी हा आमच्या कामाचा भाग आहे. गळती नाही, तक्रार नाही, पाणी स्वच्छ दिसते आहे, मग भिंती कशाला फोडायच्या, असा आमचा विचार होता. त्या तीन वर्षांत त्या नळाचे पहाटेचे पाणी किती मातांनी प्यायले आणि कितींच्या बाळांसाठी त्यात दुधाची पावडर कालवली गेली, याची नोंद आमच्या कोणत्याही वहीत नाही.

शिशाविषयी थोडे सांगणे येथे आवश्यक आहे. आपल्या भाषेत शिसपेन्सिल हा शब्द आहे, पण शिसपेन्सिलीत शिसे नसते, ग्राफाइट असते. नळाच्या नावात शिसे नाही, आत मात्र ते असू शकते. हा धातू मऊ, हवा तसा वाकणारा आणि केवळ ३२७ अंश सेल्सियसला वितळणारा आहे. म्हणून नळकाम करणाऱ्यांचा तो फार प्राचीन काळापासून आवडता. लॅटिन भाषेत शिशाला 'प्लंबम' म्हणतात. प्लंबर हा शब्द त्यावरूनच आला. रोमन लोकांनी शिशाच्या नळांतून शहरभर पाणी खेळवले. त्याच रोममधील व्हिट्रूव्हियस या स्थापत्यकाराने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवले, की शिशाच्या नळापेक्षा मातीच्या नळाचे पाणी आरोग्याला चांगले. शिशाचे काम करणाऱ्या कारागिरांचे फिकट पडलेले चेहरे पाहावेत. म्हणजे ज्ञान दोन हजार वर्षांचे आहे. सोय आणि काटकसर यांच्यापुढे ते वारंवार मागे पडले, इतकेच.

शिसे पाण्यात रंग आणत नाही, वास आणत नाही, चव आणत नाही. शरीराला त्याचा कोणताही उपयोग नाही. शरीरात गेलेले शिसे कॅल्शियमची जागा घेऊन हाडांत साठते आणि तेथे वर्षानुवर्षे राहते. गर्भारपणात आईच्या हाडांतून कॅल्शियम बाहेर पडते, तेव्हा त्याच्याबरोबर साठलेले शिसेही रक्तात उतरते आणि नाळेवाटे बाळापर्यंत पोहोचते. पोटात गेलेल्या शिशापैकी प्रौढ माणूस जेवढा अंश शोषून घेतो, त्याच्या चार ते पाच पट लहान मूल शोषून घेते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ज्या मुलाच्या आहारात लोह आणि कॅल्शियम कमी, त्याच्या शरीरात ते आणखी अधिक शोषले जाते. याचा अर्थ असा, की गरिबाच्या मुलाला त्याचा त्रास दुप्पट. परिणाम मेंदूच्या वाढीवर होतो. बुद्धीची झेप, एकाग्रता आणि वर्तन यांत थोडी थोडी घट होते, आणि ती बहुधा भरून येत नाही. मूल आजारी दिसत नाही. ते जेवढे होऊ शकले असते त्याहून थोडे कमी होते. म्हणूनच शिशाची अमुक मात्रा मुलाला निर्धोक, असे कोणतेही वैद्यकशास्त्र आज सांगत नाही.

या प्रश्नाचा सर्वांत बोलका धडा अमेरिकेतील मिशिगन राज्यातील फ्लिंट या शहराने जगाला दिला. सुमारे एक लाख वस्तीचे हे मोटारउद्योगाचे शहर कारखाने गेल्यामुळे कर्जात बुडाले होते. राज्य सरकारने तेथे आर्थिक व्यवहारांसाठी प्रशासक नेमला. खर्च कमी करावा म्हणून २५ एप्रिल २०१४ रोजी डेट्रॉइटहून येणारे ह्युरॉन सरोवराचे पाणी बंद करून शहराला फ्लिंट नदीचे पाणी देण्यास सुरुवात झाली. दोन वर्षांत सुमारे ५० लाख डॉलर वाचतील, असे गणित होते. नदीचे पाणी धातूला अधिक कुरतडणारे होते. अशा पाण्यात फॉस्फेट मिसळले, तर पाइपाच्या आतून एक न विरघळणारा पातळ लेप बसतो आणि शिसे पाण्यात उतरत नाही. ते मिसळण्याचा खर्च दिवसाला सुमारे १०० डॉलर झाला असता, असे पुढे सांगण्यात आले. ते मिसळले गेले नाही.

त्यानंतर काय घडले ते हिशेबाच्या माणसांनी नीट ऐकण्यासारखे आहे. लोक तांबूस, दुर्गंधीयुक्त पाण्याच्या बाटल्या घेऊन सभांना येऊ लागले. ऑक्टोबर २०१४ मध्ये तेथील जनरल मोटर्सच्या इंजिन कारखान्याने हे पाणी घेणे बंद केले, कारण त्याने यंत्रांचे सुटे भाग गंजत होते. घरांतील मुले मात्र त्यानंतर आणखी एक वर्ष तेच पाणी पीत राहिली. अधिकारी सांगत राहिले, की पाणी सुरक्षित आहे. अखेर व्हर्जिनिया टेक विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क एडवर्ड्स यांच्या चमूने घराघरांतील नमुने तपासून पाण्यात शिसे असल्याचे दाखवले. हर्ली मेडिकल सेंटर या तेथील रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञ डॉ. मोना हॅना-अतिशा यांनी रुग्णालयाच्या नोंदींतून पाच वर्षांखालील मुलांच्या रक्ततपासण्या काढल्या. पाणी बदलण्यापूर्वी आणि नंतर, अशी तुलना केली. रक्तात शिशाचे प्रमाण वाढलेल्या मुलांचा वाटा २.४ टक्क्यांवरून ४.९ टक्क्यांवर गेला होता. २४ सप्टेंबर २०१५ रोजी त्यांनी हे जाहीर केले, तेव्हा त्यांच्याच आकडेवारीवर शंका घेण्यात आली. काही दिवसांतच शासनाला ती मान्य करावी लागली. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी शहराला पुन्हा डेट्रॉइटचे पाणी मिळाले.

पाणी परत आले, पण हिशेब मिटला नाही. त्याच काळात लीजनेअर्स या न्यूमोनियासारख्या आजाराची साथ येऊन किमान १२ माणसे दगावली. २०२१ साली न्यायालयाने मंजूर केलेली नुकसानभरपाई सुमारे ६२ कोटी ६० लाख डॉलरची होती. शहरातील शिशाच्या सुमारे ११ हजार जोडण्या बदलण्याचे काम पूर्ण झाल्याचे जाहीर होण्यास २०२५ साल उजाडले. दिवसाचे १०० डॉलर एका बाजूला आणि हा सर्व खर्च दुसऱ्या बाजूला मांडून पाहिला, की आमच्यासारख्यांना मान खाली घालावी लागते. ते निर्णय कोणी दुष्ट माणसांनी घेतलेले नव्हते. खर्च कमी करण्याची जबाबदारी अंगावर असलेल्या, कागदावर सर्व ठीक दिसते यावर विसंबलेल्या माणसांनी ते घेतले होते. तशाच खुर्चीवर आम्ही बसतो.

कोणी म्हणेल, की तेथे नदीचे पाणी खराब होते. म्हणून वॉशिंग्टन शहराचेही उदाहरण द्यावेसे वाटते. २००० साली तेथील पाण्याच्या निर्जंतुकीकरणात साध्या क्लोरिनऐवजी क्लोरामाइन वापरण्यास सुरुवात झाली. हेतू उत्तम होता. क्लोरिनमुळे पाण्यात तयार होणारे काही घातक पदार्थ कमी करावयाचे होते. परंतु शिशाच्या पाइपांत क्लोरिनमुळे जो घट्ट थर धरलेला होता, तो या बदलाने सुटू लागला आणि हजारो घरांच्या पाण्यात शिसे उतरले. २००४ च्या जानेवारीत वृत्तपत्राने ही बाब उजेडात आणली, तेव्हा नागरिकांना तिची व्याप्ती कळली. घाईघाईने उपाय झाले. पुष्कळ ठिकाणी रस्त्यापासून घराच्या हद्दीपर्यंतचा शिशाचा पाइप बदलला आणि हद्दीच्या आतला, घरमालकाचा म्हणून, तसाच ठेवला. अशा अर्धवट बदलाने शिसे भरवशाने कमी होत नाही. कापाकापीने ते काही काळ वाढूही शकते, हे पुढे स्पष्ट झाले. या दोन शहरांच्या कथेतून आम्ही एकच गोष्ट घेतली. पाणी कोणत्या धरणातून आले आणि शुद्धीकरण केंद्रात त्याचे काय झाले, यावर त्याची सुरक्षितता संपत नाही. ती ठरते घराजवळच्या शेवटच्या काही फुटांत, जेथे कोणाचे लक्ष नसते आणि जेथे जबाबदारी कोणाची यावर वाद असतो.

ही जबाबदारी नीट पार पाडता येते, याचेही उदाहरण आहे. विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन या शहराने २००१ ते २०११ या काळात आपल्या हद्दीतील शिशाच्या सर्व, म्हणजे सुमारे आठ हजार जोडण्या पूर्णपणे बदलल्या. घरमालकाच्या हद्दीतील पाइपही बदलणे बंधनकारक केले आणि त्याचा अर्धा खर्च, एक हजार डॉलरच्या मर्यादेत, पाणीखात्याने उचलला. त्यासाठी पैसा कोठून आणला? पाण्याच्या उंच टाक्यांवर दूरध्वनी कंपन्यांना अँटेना उभारण्यास जागा भाड्याने देऊन. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला असा जमा-खर्च वाचून समाधान वाटते.

आता आपल्याकडे वळूया. आपल्या घरांत पाणी आणणारे पाइप बहुतांशी जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे आणि अलीकडे प्लास्टिकचे असतात. शिशाच्या सलग जोडण्या अमेरिकेतील शहरांसारख्या आपल्याकडे सर्वत्र नाहीत, ही समाधानाची बाब आहे. पण शिसे आपल्याकडे तुकड्या-तुकड्यांनी येते. बिडाच्या जुन्या जलवाहिन्यांचे सांधे वितळलेले शिसे ओतून भरले जात. जुन्या इमारतींत बेसिन किंवा नळ जोडण्यासाठी, आमच्याकडे सापडला तसा, शिशाचा वाकता तुकडा वापरला जाई. पितळ सहज कापले जावे म्हणून त्यात शिसे मिसळतात, त्यामुळे पितळी नळ आणि झडपा यांतूनही ते पाण्यात उतरू शकते. लोखंडी पाइपावरील जस्ताच्या थरातही अशुद्धी म्हणून शिसे असू शकते. पी.व्ही.सी. पाइप उष्णतेने खराब होऊ नये म्हणून त्यात शिशाची संयुगे घालण्याची पद्धत आपल्या देशात दीर्घकाळ होती. केंद्र शासनाने २०२१ साली नियम करून त्यांवर टप्प्याटप्प्याने बंधन आणले. परंतु त्याआधी भिंतीत गेलेले पाइप भिंतीतच आहेत.

शिसे केवळ पाण्यातूनच येते असे नाही. २००० साली देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. घरगुती रंगांतील शिशावर २०१६ च्या नियमांनी ९० पीपीएमची मर्यादा घातली. पितळेच्या भांड्यांना कल्हई करताना कथिलात शिशाची भेसळ असेल, तर तेही अन्नात उतरते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातील दर तीन मुलांपैकी सुमारे एकाच्या रक्तात शिशाचे प्रमाण प्रतिडेसिलिटर ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक आहे. पाणी हा त्यांतील एक मार्ग. पण जे तान्हे बाळ वरच्या दुधावर आहे आणि ज्याचे दूध नळाच्या पाण्यात कालवले जाते, त्याच्यासाठी तो फार मोठा मार्ग असू शकतो.

भारतीय मानक ब्यूरोच्या पिण्याच्या पाण्याच्या २०१२ च्या मानकानुसार एक लिटर पाण्यात शिसे ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक असू नये. त्यापूर्वीच्या मानकात ही मर्यादा ०.०५ होती. गच्चीवरच्या एक हजार लिटरच्या टाकीचा हिशेब मांडला, तर संपूर्ण टाकीत केवळ १० मिलिग्रॅम. चिमूटभर मिठाचाही हा लहानसा अंश. एवढ्याशा गोष्टीला डोळ्यांनी पकडता येत नाही, ती तपासूनच कळते.

तर घरी काय करावे? आपल्यापैकी अनेकांनी आम्हांस हा प्रश्न विचारला, म्हणून आमच्या डॉक्टर मंडळींशी बोलून काही गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट आपल्या सवयीची. आपल्याकडे नळ आला की सर्वांत आधी पिण्याचे पाणी भरण्याची घाई असते. पहिली कळशी पिण्याची, मग धुण्याभांड्याची. हा क्रम उलटा करावा. रात्रभर पाइपात थांबलेले पाणी धातूच्या सहवासात सर्वांत जास्त वेळ राहिलेले असते. ते प्रथम भांडी, फरशी, संडास यांसाठी घ्यावे आणि पाणी काही मिनिटे वाहिल्यावर, हाताला गार लागू लागल्यावर, पिण्याचे भरावे. यात पाण्याचा एक थेंबही वाया जात नाही. फक्त बादल्यांचा क्रम बदलतो. दुसरी गोष्ट, गिझरचे गरम पाणी चहाला, भाताला किंवा बाळाच्या दुधाला घेऊ नये. गरम पाण्यात शिसे अधिक उतरते. गार पाणी घेऊन ते गॅसवर तापवावे.

तिसरी गोष्ट नीट समजून घ्यावी. पाणी उकळणे जंतूंसाठी आवश्यकच आहे आणि ते सोडू नये. पण उकळल्याने शिसे जात नाही. पाणी आटते तेवढे त्याचे प्रमाण किंचित वाढते. तुरटी, क्लोरिनचे थेंब किंवा केवळ अतिनील किरणांचे यंत्र यांवरही त्यासाठी भरवसा ठेवता येत नाही. आर.ओ. यंत्राने बरेचसे शिसे निघते. मात्र त्याचा पडदा आणि गाळण्या वेळेवर बदलल्या तरच. नळाच्या तोंडाशी जाळी असेल तर ती अधूनमधून काढून धुवावी, कारण तिच्यात धातूचे कण अडकतात. घर जुने असेल, तर उघड्या दिसणाऱ्या पाइपांवर नाण्याने हलका ओरखडा काढून पाहावा आणि लोहचुंबक लावून पाहावे. लोखंडाला चुंबक चिकटतो. शिशाला चिकटत नाही आणि त्याचा ओरखडा चांदीसारखा चमकतो. शंका असल्यास पहाटेचा, किमान सहा तास नळ बंद ठेवून घेतलेला नमुना तपासून घ्यावा. वाहते पाणी भरून नेले, तर दोष लपून राहतो.

शाळा आणि देवस्थाने यांना कूलर भेट देणाऱ्या दात्यांना एक विनंती. अमेरिकेत १९८८ साली कायदा करून शिशाचे अस्तर असलेल्या टाक्यांचे कूलर परत मागवावे लागले होते. म्हणून कूलर देताना टाकी, सांधे आणि नळ कोणत्या धातूचे आहेत हे विचारावे, आणि देणगीतील थोडी रक्कम पाण्याच्या तपासणीसाठी राखून ठेवावी.

आता आम्ही काय केले ते सांगतो. अहवाल हाती आला त्याच दिवशी तो नळ बंद केला. वॉशिंग्टनचा धडा लक्षात घेऊन केवळ ती वीत न बदलता, प्रसूती व बालरोग कक्षांची नळजोडणी टाकीपासून तोंडापर्यंत नव्याने केली. आदल्या वर्षभरात तेथे प्रसूत झालेल्या ज्या मातांचे पत्ते आमच्याकडे होते त्यांना पत्रे पाठवली, घडले ते सांगितले आणि बाळाच्या रक्ताची तपासणी विनामूल्य करून देण्याची तयारी कळवली. काही कुटुंबे आली, काही आली नाहीत. काहींची पत्रे पत्ता बदलल्यामुळे परत आली. ती पाकिटे आमच्या कपाटात आहेत.

हे सर्व अहवालात छापावे की नाही, यावर विश्वस्त मंडळात मोकळेपणाने चर्चा झाली. संस्थेच्या नावाला बट्टा लागेल, देणग्या कमी होतील, ही भीती खोटी नव्हती. ती आम्हांसही वाटत होती. परंतु फ्लिंटमध्ये नुकसान वाढले ते पाण्यापेक्षाही "सर्व ठीक आहे" या वाक्यामुळे. तेथे एका डॉक्टरने रुग्णालयाच्या नोंदी उघडल्या, म्हणून मुले वाचली. आपल्या नोंदी कपाटात बंद ठेवून आपण कोणाला वाचवणार? अखेर अध्यक्ष महोदयांनी सांगितले, की ज्यांनी पैसा दिला आणि ज्यांनी लेकरे सोपवली, त्या दोघांनाही खरे कळले पाहिजे. तो निर्णय म्हणजे आजचे हे भाषण.

पुढील योजना अशी. पिण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक नळाला क्रमांक दिला जाईल. वर्षातून एकदा प्रत्येकाचा पहाटेचा नमुना धातूंसाठी तपासला जाईल आणि त्याचा तक्ता, निकाल काहीही असो, दरवर्षी या अहवालात छापला जाईल. जुन्या इमारतीच्या उर्वरित मजल्यांचे काम अजून बाकी आहे. त्यासाठी 'जलवाहिनी निधी' असे स्वतंत्र खाते उघडले असून, ती रक्कम अन्य कोणत्याही कामाकडे वळवता येणार नाही, असा ठराव मंडळाने केला आहे. हा ठराव आम्हीच मागून घेतला. पुन्हा कधी हातात लाल पेन्सिल घेऊन अंदाजपत्रक छाटू लागलो, तर आमचा हात तेथे अडावा.

देणगीदार बंधू-भगिनींनो, आपण या संस्थेला खोल्या दिल्या, यंत्रे दिली, रुग्णवाहिका दिली. त्यांवर आपल्या आई-वडिलांची नावे आहेत आणि ती वाचून रुग्ण मनोमन हात जोडतात. भिंतीतल्या पाइपावर मात्र कोणाचेही नाव लावता येत नाही. त्याचे उद्घाटन होत नाही, छायाचित्र निघत नाही. ते काम उत्तम झाले, तर कोणाला काही कळतही नाही. मूल पाणी पिते, निजते आणि वाढते, एवढेच. अशा कामासाठी मागणे आम्हांस अवघड जाते, तरी आज ते मागतो आहोत.

आणि रुग्णांच्या कुटुंबीयांना एक सांगणे. व्हरांड्यातील त्या नळाशेजारची पाटी आम्ही बदलली आहे. आता तिच्यावर लिहिले आहे, "पहाटेचे पहिले पाणी बादलीत घ्या, पिण्याचे नंतर भरा." खाली ती बादली ठेवलेली असते आणि त्या पाण्याने रोज व्हरांडा पुसला जातो. त्या आजींचा पत्ता आम्हांस सापडला नाही. आपल्यापैकी कोणी त्यांना ओळखत असेल, तर आमचा नमस्कार त्यांना अवश्य कळवावा.